‘बोलेल उशिरा’ ते ‘बाहेरचं लागलंय’: मन-मेंदूविषयीचे सात गैरसमज

भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला धानाच्या रोवणीची वेळ सांगावी लागत नाही. पऱ्हे (रोपे) तयार झाले आणि पाऊस लांबला, तर तो मोटार लावून, उसने पाणी घेऊन बांधी भरतो आणि रोवणी उरकतो. पऱ्हे जून झाले की फुटवे कमी येतात, हे त्याला पक्के माहीत असते. पण त्याच घरातले अडीच वर्षांचे लेकरू बोलत नसेल तर सगळे थांबतात. आजी थांबायला सांगते, शेजारी थांबायला सांगतात आणि कधीकधी शिकलेले नातेवाईकही तेच सांगतात. आईबापांची माया कुठे कमी पडलेली नसते. चुकीची माहिती मात्र खूप असते, आणि तिची किंमत वेळेत मोजावी लागते.

आधी एक फरक समजून घेऊ. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता या स्थिती मेंदूच्या जडणघडणीशी निगडित आहेत. त्यांची सुरुवात बालपणात होते. नैराश्य, चिंताविकार, स्किझोफ्रेनिया हे मनाचे आजार आहेत. ते पुढेही सुरू होऊ शकतात, आणि बरे किंवा नियंत्रित होऊ शकतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

गैरसमज 1: ‘बाप पण उशिराच बोलला होता. बोलेल हळूहळू.’

वस्तुस्थिती: काही मुले खरोखर उशिरा बोलतात आणि पुढे सर्वांच्या बरोबरीने येतात. पण आपले मूल त्यांपैकीच आहे हे घरबसल्या कळत नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडून न बोलणे, ही तपासणीची कारणे आहेत. शिकलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरकडे न्यावे.

पहिली तपासणी कानांची हवी. ऐकू न येणारे मूलही हाकेला ओ देत नाही. त्यानंतर विकासाची तपासणी. निदानाचा कागद हाती येईपर्यंत बोलण्याचे आणि खेळातून शिकवण्याचे उपचार थांबवण्याची गरज नसते. पहिल्या काही वर्षांत मेंदू फार वेगाने घडत असतो, म्हणून लवकर मिळालेली मदत जास्त कामी येते. उशिरा सुरू केले तरी उपयोग होतोच. ‘आता काय फायदा’ म्हणून कोणी घरी बसू नये.

गैरसमज 2: ‘आईने लक्ष दिले नाही. मोबाईल दिला, लस दिली, म्हणून असे झाले.’

वस्तुस्थिती: लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने 1943 साली स्वमग्न मुलांचे सविस्तर वर्णन मांडले. पुढे अनेक वर्षे जगभर आईच्या ‘कोरडेपणाला’ दोष दिला गेला. जुळ्या मुलांच्या अभ्यासांनी ही कल्पना मोडीत काढली. स्वमग्नतेत जनुकांचा वाटा मोठा असतो आणि मेंदूतले फरक जन्माआधीच सुरू झालेले असतात.

लसीची भीती 1998 सालच्या एका ब्रिटिश शोधनिबंधातून पसरली. त्यात गैरप्रकार झाल्याचे उघड झाले आणि 2010 मध्ये तो मागे घेण्यात आला. डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या 2019 सालच्या अभ्यासात गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही. लस चुकवली तर स्वमग्नता टळत नाही, पण गोवर मात्र गाठू शकतो.

मोबाईलविषयी इतकेच म्हणता येईल, की लहान मूल तासन्‌तास पडद्यासमोर असेल तर बोलण्याचा सराव कमी होतो. म्हणून तो जरूर कमी करावा. पण ‘मोबाईल बंद केला, आता बघू’ म्हणून सहा महिने तपासणी लांबवू नये. आणि घरातल्या बाईला ‘तुझ्यामुळे झालं’ हे वाक्य ऐकवणे आजच थांबवावे. उपचाराचे निम्मे ओझे तीच वाहत असते.

गैरसमज 3: ‘अभ्यासात मागे म्हणजे डोक्याने मंद, नाहीतर आळशी.’

वस्तुस्थिती: अभ्यासात मागे पडण्याची कारणे एकमेकांपासून अगदी वेगळी असतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा चांगली असते. फक्त वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट मेंदूला विलक्षण जड जाते. एडीएचडी असलेल्या मुलाला येत असते, पण लक्ष टिकत नाही. बौद्धिक अक्षमतेत शिकणे आणि रोजचे व्यवहार दोन्ही हळू होतात. त्यामागे जन्मावेळी गुदमरणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, थायरॉईडची कमतरता, जनुकीय बदल अशी कारणे असू शकतात. पूर्व विदर्भात सिकलसेलही लक्षात ठेवावा लागतो. या आजारात बाहेरून न जाणवणारे पक्षाघाताचे छोटे झटके मेंदूला इजा करू शकतात आणि मुलाचा अभ्यास मागे पडतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. घरी झाडीबोली आणि शाळेत प्रमाण मराठी अशी मुलांची रोजची ये-जा असते. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल वहीत ‘पानी’ लिहिते, तेव्हा ते ऐकलेलेच लिहीत असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीचे स्वतःचे नियम मांडून दाखवले आहेत. बोलीचा फरक म्हणजे आजार नव्हे. मात्र तिसरी-चौथीपर्यंत शिकवूनही मूल साधे शब्द वाचताना अडखळत असेल, पाटीवरचे उतरवताना अक्षरे गाळत असेल, तोंडी मात्र चटकन उत्तर देत असेल, तर बोलीवर बोट ठेवून विषय संपवू नये. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात.

गैरसमज 4: ‘हे लहान मुलांचे दुखणे. मोठेपणी जाते.’

वस्तुस्थिती: एडीएचडी अनेकांमध्ये मोठेपणीही राहतो. धावपळ कमी होते, पण कामे अर्धवट सुटणे, पैशांचा मेळ न बसणे, नोकरी न टिकणे सुरूच असते. मुलींमध्ये तो अनेकदा हूडपणाऐवजी हरवल्यासारखे बसण्यातून दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो. स्वमग्न मूल स्वमग्न प्रौढ होते. त्याला योग्य काम आणि समजून घेणारी माणसे मिळाली, तर ते आपले आयुष्य उभे करू शकते.

गैरसमज 5: ‘बाहेरचं लागलंय. कोणीतरी करणी केली.’

वस्तुस्थिती: कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणे, आपल्यावर कोणी पाळत ठेवतो असे वाटणे, एकटेच पुटपुटणे ही स्किझोफ्रेनियासारख्या आजाराची लक्षणे असू शकतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मेंदूतल्या डोपामिनसारख्या रसायनांचे काम त्यात बिघडलेले असते. औषधांनी बहुतेकांच्या लक्षणांना उतार पडतो. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके शिक्षण आणि काम वाचण्याची शक्यता जास्त.

बाळंतिणीच्या बाबतीत तर तासांचा हिशेब ठेवावा लागतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिची झोप उडाली, ती असंबद्ध बोलू लागली, बाळाविषयी भलतेच सांगू लागली, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि बाळासोबत एकटे सोडू नये. तापात माणूस अचानक बरळू लागला, तरी आधी रुग्णालयच.

देवाला जाऊ नका असे कोणी सांगत नाही. नवस बोला, पण औषध थांबवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे हा महाराष्ट्राच्या 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई केली आहे. करणीचा संशय बहुधा गावातल्या एखाद्या एकट्या बाईवर जातो, हेही विसरू नये. चुकीच्या निदानाने तिचेही आयुष्य उद्ध्वस्त होते.

गैरसमज 6: ‘मन घट्ट करा. गोळ्या म्हणजे झोपेची सवय.’

वस्तुस्थिती: नैराश्य म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. पुष्कळ माणसे डॉक्टरकडे दुःख घेऊन जातच नाहीत. ‘हातपाय गळतात’, ‘डोके जड आहे’, ‘जेवण गोड लागत नाही’, ‘कशातच जीव लागत नाही’ असे सांगतात. उदासी किंवा निरुत्साह रोज असेल, दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल आणि कामावर परिणाम करत असेल, तर तपासणी हवी.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्यात होते. 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि बहुतेक आजारांत दहापैकी सातांहून अधिक जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते.

नैराश्याच्या औषधांची नशा होत नाही. त्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. नेमके याच काळात कंटाळून अनेकजण गोळ्या सोडतात. बरे वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी कराव्या लागतात. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, हे मात्र खरे. म्हणून त्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हाही उपचार नव्हे. आजार लपवून लग्न झाले की गोळ्याही लपवाव्या लागतात, मग त्या सुटतात आणि आजार उलटतो.

गैरसमज 7: ‘मरणाबद्दल विचारले तर तसा विचार डोक्यात येतो.’

वस्तुस्थिती: उलट, मायेने आणि सरळ विचारल्याने माणूस मोकळा होतो. ‘जीव नकोसा झालाय का? मरणाचे विचार येतात का?’ असे विचारा, मध्ये न बोलता ऐका आणि त्याला एकटे सोडू नका. धानाच्या गावात घरोघरी कीटकनाशक असते. ते कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. संकटाचा तो टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसेल, तर जीव वाचू शकतो. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो.

जायचे कुठे?

‘नागपूरला पाठवा याला’ हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखे वापरले जाते. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक आहे. तेही इतर रुग्णालयांसारखेच रुग्णालय आहे, आणि बहुसंख्य रुग्णांना भरती व्हावेच लागत नाही. सुरुवात त्याहून जवळ होते.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि आपली शंका स्वतःहून सांगा. पुढच्या तपासणीसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मोठ्यांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंकडून त्याची चौकशी करता येते. 14416 या सरकारच्या टेली-मानस मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. त्या कायद्याचे लाभ मिळण्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांग ओळखपत्र काढावे. प्रमाणपत्राची लाज वाटण्याचे कारण नाही. त्या कागदावर मुलाची शाळा आणि सवलती उभ्या राहतात.

जाण्याआधी एका वहीत लिहून ठेवा: काय दिसते, कधीपासून दिसते, झोप किती, खाणे किती, आधी काय येत होते आणि आता काय येत नाही. डॉक्टरांना दहा मिनिटे मिळतात, आणि ही वही त्या दहा मिनिटांचे सोने करते. तिच्या पहिल्या पानावर आजची तारीख टाका.