घरचा सर्व्हर बाहेरून का उघडत नाही?

नालवाडीतल्या घरी जुन्या संगणकावर वेब सर्व्हर चालवला. घरच्या वायफायवर पान उघडतं, वायफाय बंद करून मोबाइल डेटावर मात्र नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करूनही! अशा वेळी आधी राउटरचा वॅन, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर चूक तुमची नाही. आयपीव्ही४ चे पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यामुळे इंटरनेट कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा त्यासाठीच राखला गेला. बाहेरची विनंती कंपनीच्या यंत्रावरच अडते, कारण ती कोणत्या घरी पाठवायची हे त्याला कळत नाही. कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागा. मला आयपीव्ही६ अधिक पटतं, कारण त्यात पत्त्यांची टंचाई नाही आणि संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो; पण म्हणूनच फायरवॉलमध्ये फक्त लागणारं पोर्टच उघडा, बहुधा ४४३.