संमतीची सही कोणाची?

शस्त्रक्रियेच्या फॉर्मवर नवऱ्याने किंवा मुलाने सही केली की संमती झाली, असे अनेकांना वाटते. माहितीपूर्ण संमती (उपचार, पर्याय व धोके समजून रुग्णाने स्वतः दिलेला होकार) सहीच्या आधी, बोलण्यातून घडते. घराची दुरुस्ती काढताना काम वाढले तर काय, हे आपण आधीच विचारतो, तसेच हे. उदाहरणार्थ, स्तनाच्या कर्करोगात स्तन राखून गाठ काढल्यावर बहुधा रेडिएशन लागते. कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी आढळल्या तर पुन्हा शस्त्रक्रियाही. हे बाईला आधी कळायलाच हवे. हेही सांगावे, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत पूर्ण स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. इटली व अमेरिकेतल्या २० वर्षांच्या पाहण्यांत (२००२) दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर ते सारखेच दिसले. आणि होकार रुग्णाचाच हवा: भुलेखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये ग्राह्य धरली नाही; जिवावरचा तातडीचा प्रसंग तेवढा अपवाद.