भीती, चिंता, आघात: जंगलकाठच्या मनाची परिभाषा

भीती आणि चिंता हे शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मानसशास्त्रात मात्र दोन्हींचे अर्थ वेगळे आहेत. भीती वाटते ती समोर असलेल्या, ओळखता येणाऱ्या धोक्याची. झुडपात वाघ दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग इशारा देतो, रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, छाती धडधडते आणि शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते. चिंतेला समोर वाघ लागत नाही. पहाटे मोहफुले वेचायला जायचे आहे, एवढ्या विचारानेही रात्रीची झोप उडते.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा फरक रोजच्या जगण्यातला आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात धानाची रोवणी. घर चालवायचे तर जंगल टाळता येत नाही. तेंदूच्या ७० पानांचे एक पुडके होते. ही पाने वाकून, झुडपात शिरून तोडावी लागतात. नजर पानांवर असते, मागून काय येते ते दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. इथली भीती रास्त आहे. तिला आजार ठरवणे अन्यायाचे होईल.

आजार ठरतो तो भयगंड, म्हणजे प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने कितीतरी जास्त असलेली, महिनोन्‌महिने टिकणारी आणि कामधंदा अडवणारी भीती.

भीती शिकलीही जाते. या शिकण्याला अभिसंधान म्हणतात. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे मोठा आवाज केला. पुढे आवाज नसतानाही ते मूल उंदराला घाबरू लागले आणि सशालाही. अशा प्रयोगाला आज कोणी परवानगी देणार नाही. एका गोष्टीची भीती तिच्यासारख्या दुसऱ्या गोष्टींवर पसरते, त्याला सामान्यीकरण म्हणतात. हल्ला डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला पुढे पाचोळ्याची सळसळही पुरते, मग तिथून कोंबडी का गेलेली असेना.

हल्ल्याचा प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकून जाग येणे, सतत सावध राहणे, त्या वाटेने जाणे टाळणे, ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे विस्कटले, तर तो आघातोत्तर ताणविकार असू शकतो. १९८० मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार निदान-पुस्तिकेत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. टाळण्याच्या वृत्तीला परिहार म्हणतात. परिहाराने त्या क्षणी हायसे वाटते, पण भीती तशीच राहते. म्हणून उपचारात टाळलेल्या गोष्टींना हळूहळू, आधार देऊन सामोरे नेले जाते. जंगलकाठी हा उपाय जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण त्या वाटेवर वाघ खरोखरच असू शकतो. अंगणात यायला, शेजारी जायला वाटणारी भीती कमी करायची आणि एकटीने रानात न जाण्याची सावधगिरी राखायची, हे समुपदेशकाला नीट वेगळे करावे लागते.

भीती अशी टिकून राहण्याच्या उलट आहे अभ्यस्तता. वाघाच्या पावलांचे ठसे रोज दिसले आणि काहीच घडले नाही, तर मन त्यांची दखल घेणे सोडते. जुन्या जाणत्या माणसांचाही घात यामुळे होऊ शकतो.

शोक आणि नैराश्य यांतही फरक आहे. घरचे माणूस गेल्यावरचा शोक स्वाभाविक असतो, त्याच्या लाटा येतात आणि ओसरतात. नैराश्यात किमान दोन आठवडे, जवळजवळ दिवसभर मन खिन्न राहते किंवा कशातच रस वाटत नाही. झोप, भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागते. अनेकजण ते मनाचे दुखणे म्हणून सांगत नाहीत. जीव घाबरा होतो, डोके जड होते, अंग दुखते, अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आणि मराठीतून बोलता येते.