तळ्यांची परीक्षा

कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांचा पाणथळ प्रदेश पसरलेला आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तेथील उथळ तळ्यांत येते. या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. पाण्यातील घाण सूक्ष्म जंतू खातात. त्यांना लागणारा प्राणवायू हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात निर्माण करते आणि ते शेवाळ मासे खातात. हेच मासे पुढे शहराच्या बाजारात येतात.

परंतु पाणी खरोखर शुद्ध झाले की नाही, हे कसे ओळखावे? नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. म्हणून तळ्यात शिरणाऱ्या आणि तळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने घेतात. त्यांत ठराविक प्रमाणात शुद्ध पाणी मिसळून विरघळलेला प्राणवायू मोजतात. मग बाटल्या घट्ट बंद करून २० अंश तापमानात ५ दिवस अंधारात ठेवतात. कारण उजेडात शेवाळ नवा प्राणवायू निर्माण करील. पुन्हा मोजल्यावर जेवढा प्राणवायू अधिक खर्च झालेला आढळेल, तेवढी घाण अधिक समजावी. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंची गणना निराळी करतात.

शिसे किंवा पारा मात्र जंतूंना पचत नाही. तो माशांच्या शरीरात साठू शकतो. तेव्हा कारखान्यांचे विष तळ्यांत येऊ न देणे, हे माणसाचेच काम आहे.