प्रार्थना, तेल आणि औषध

श्रद्धेच्या वाटेने आरोग्य शोधणाऱ्यांची गर्दी बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. पिंपळगाव सराई येथील सैलानीबाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत मनोरुग्णांना घेऊन सर्व धर्मांची कुटुंबे येतात. याच जिल्ह्यात आरोग्यासाठी प्रार्थना करण्याची आणखी एक परंपरा शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. ती ख्रिस्ती मंडळींची.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ या संस्थेचे मिशनरी वऱ्हाडात आले. अकोला, खामगाव, बुलढाणा या ठिकाणी त्यांनी केंद्रे उभारली. संस्थेचे प्रवर्तक ए. बी. सिम्प्सन हे मूळचे प्रेस्बिटेरियन पाळक. हृदयविकाराने खचलेले असताना १८८१ मध्ये एका उन्हाळी मेळाव्यात आपण प्रार्थनेने बरे झालो, असे ते सांगत. गंमत अशी, की त्या मेळाव्यातील त्यांचे प्रेरक चार्ल्स कलिस हे स्वतः बोस्टनचे डॉक्टर होते! १८८७ मध्ये सिम्प्सन यांनी उभारलेल्या चळवळीची शिकवण चौपदरी होती : येशू तारणारा, पवित्र करणारा, रोगमुक्त करणारा आणि पुन्हा येणारा राजा. संस्थेच्या बोधचिन्हातील तेलाचे भांडे यांतील तिसऱ्या पदराचे प्रतीक होय.

हे तेल येते याकोबाच्या पत्रातून. आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असे तेथे सांगितले आहे. कॅथलिक पंथातही आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार आहे. दीर्घकाळ तो मरणोन्मुखांपुरताच उरला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर तो पुन्हा गंभीर आजारी असलेल्या सर्वांसाठी खुला झाला. तेलात गुण नाही, प्रार्थना करणाऱ्याच्या हातातही नाही. बरे करणारा देव, अशी यामागची धारणा आहे. मंत्रतंत्रापासून ही प्रार्थना वेगळी ठरते ती येथेच. मंत्र देवाला बांधू पाहतो, प्रार्थना त्याच्यापुढे केवळ मागणे ठेवते.

मात्र खरा पेच पुढे आहे. प्रार्थना करूनही रोगी बरा झाला नाही तर? काही उत्साही प्रचारक अशा वेळी रोग्याचा विश्वासच उणा ठरवतात. आधीच पिचलेल्या माणसावर हा दुसरा घाव असतो, आणि बायबलचा त्याला आधार नाही. जन्मांध माणसाला पाहून ‘पाप कोणाचे, याचे की आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली; काटा तसाच राहिला. त्याच पौलाचा सोबती लूक वैद्य होता.

औषध नाकारणे ही विश्वासाची कसोटी मानणारे या चळवळींत होते, हेही मान्य केले पाहिजे. पण मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेले मिशन रुग्णालय ज्या धर्मश्रद्धेतून उभे राहिले, तिला प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत विरोध दिसला नाही. कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे : साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्यातून कोणताही धर्म सुटत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. पुणे जिल्ह्यातील केडगावचे त्यांचे मुक्ती मिशन प्रार्थनेसाठी प्रसिद्ध. १९०५ मध्ये तेथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. तरीही रमाबाईंचे बहिरेपण गेले नाही, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या मिशनमधील अंध स्त्रियांच्या निवासाचे नाव होते ‘बार्तीमी सदन’. यरीहोच्या वाटेवर येशूने ज्याला दृष्टी दिली, त्या आंधळ्या बार्तीमयावरून ठेवलेले. त्या सदनात अंध मुलींना ब्रेल शिकवली जात असे.