बार्शीचा मेहबूब पटेल ‘शाहीर अमर शेख’ कसा झाला?

कळंब : बाजारासाठी, दवाखान्यासाठी कळंबकरांची येरमाळामार्गे बार्शीला नेहमीच ये-जा असते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानेच्या मैदाने खिळवून ठेवणारा आवाज याच बार्शीचा. शाहीर अमर शेख यांचा.

मूळ नाव काय?
मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आई मुनेरबी यांच्या तोंडची मराठी लोकगीते ऐकतच ते वाढले. घरची गरिबी असल्याने मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार अशी कामे त्यांनी केली. चळवळीत उतरल्यावर विसापूरचा तुरुंगही पाहिला. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत असताना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले.

गाणे लोकांपर्यंत कसे पोहोचले?
१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. चाळी, गिरण्यांचे दरवाजे, गावची मैदाने हेच त्यांचे रंगमंच. पोवाडा, लावणी, छक्कड हे लोकांच्या ओळखीचे बाज. पण विषय मजुरी, भाकरी आणि हक्काचा. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही राजकारण कळू लागले. सरकारला खुपले तेही हेच. पथकाच्या तमाशांवर बंदी आली, तरी गाणे थांबले नाही.

सर्वांत मोठे योगदान कोणते?
संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात घराघरांत पोहोचली. १०५ हुतात्म्यांचे बलिदान आणि लाखोंच्या सभा यांनंतर १ मे १९६० रोजी राज्य झाले. मराठी राज्यासाठी रान पेटवणाऱ्यांत बार्शीच्या मुस्लिम घरातला हा शाहीर आघाडीवर होता, हे विसरून चालणार नाही.

मागे काय उरले?
‘कलश’, ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आणि ‘प्रपंच’ चित्रपटातील भूमिका. आचार्य अत्रे यांनी रशियन कवीची आठवण काढत त्यांना ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटले. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचे निधन झाले. कन्या, कवयित्री मलिका अमर शेख यांनी वडिलांचे नाव लेखनात जपले.

मैदानातला तो आवाज मात्र ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच जास्त राहिला. तुमच्या घरात कोणी त्यांना ऐकले असेल, तर ती आठवण आजच विचारून लिहून ठेवा.