खव्याचा उतारा



आपल्या सभासदांची कित्येक मुले तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरीला असून बोईसर, पाम, पालघर भागात बिऱ्हाड करून आहेत. सण जवळ आला की खवा बाजारचा घ्यावा की घरी करावा, अशी विचारणा त्या घरांतून होते. ऊस सोडून हा गडी खव्यावर का लिहितोय म्हणून हसू नये. हिशोब उताऱ्याचाच आहे.

म्हशीच्या १ लिटर दुधाचा खवा साधारण २०० ग्रॅम पडतो. गायीच्या दुधाचा त्याहून कमी, आणि तो पिवळसर व चिकट. म्हणजे किलोभर खव्याला ५ लिटर दूध, वर जळण आणि मजुरी. आता कुणी ५ लिटर दुधाच्या किमतीहून स्वस्त खवा देऊ लागला, तर तो घरचे घालून धंदा करीत नाही, एवढे ओळखावे. चिमूटभर खवा पाण्यात उकळून थंड करावा व टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला तर पीठ मिसळले आहे. वनस्पती तुपाची भेसळ मात्र याने कळत नाही. म्हणून घरचा बरा.

पिशवीचे दूध असेल तर फुल क्रीमच घ्या. त्यात स्निग्धांश ६ टक्के व इतर घनपदार्थ ९ टक्के असतात. टोण्ड दुधात हेच ३ आणि ८.५. त्याचा खवा कमी भरतो, शिवाय कोरडा होतो.

कढई पसरट, जाड बुडाची हवी. दूध अर्ध्याच्या वर नको. एका वेळी लिटर-दोन लिटरच घ्यावे, जास्त घेतले की वेळ लागतो आणि रंग जातो. सुरुवातीला जाळ मोठा चालतो, पण उलथणे थांबता कामा नये. गुऱ्हाळावर पाक आटत आला की गुळव्या काहिलीपासून हलतो का? तसेच इथे. दूध रबडीसारखे झाले की जाळ अगदी मंद करावा, कडेची साय खरवडून आत घ्यावी, बूड सारखे खरडावे. करपते ते याच वेळी. गोळा कडा सोडू लागला की लगेच उतरवावे. उरलेले काम कढईची धग करते.

कलाकंदासाठी दाणेदार खवा हवा असल्यास दूध निम्मे आटल्यावर लिंबाचे दोन-चार थेंब टाकावेत. पेढ्याला पिठीसाखर घालायची ती खवा कोमट झाल्यावर. गरमात घातली तर पाणी सुटते.

किनाऱ्याकडची हवा दमट. तिथे खवा फ्रीजबाहेर ठेवू नये, आणि फ्रीजमध्येही तीन-चार दिवसांत संपवावा.